फादर सांगतील त्यालाच मत?

नानापेठकरीण

महापालिकेचा निकाल लागून बरेच दिवस झाले, पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बूथनिहाय आकडेमोड अजून चालूच आहे. त्यात एका गृहस्थांनी सहज लिहून टाकलं, "ख्रिश्चन मतं एकगठ्ठा पडली. रविवारी चर्चमध्ये सांगत असणार." मी तिथं गप्प बसले. त्या ग्रुपवर तोंड उघडलं की भांडण टँकरच्या बिलापर्यंत जातं. इथं निवांत लिहिता येईल म्हणून हा धागा.

आधीच विनंती : पक्षांची नावं घेऊ नका. घेतली की धागा वाहून जातो आणि मूळ प्रश्न काठावर राहतो.

मी जन्माने कॅथलिक, मराठी, घरचे मूळचे नगर जिल्ह्यातले. राहायला पुण्यात क्वार्टर गेटजवळ. आमच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, १७९२ सालची गोष्ट, त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. (हे अवांतर मुद्दाम लिहिलं. "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.)

तर निवडणुकीआधी चर्चमध्ये काय होतं? मिस्सा (आमची रविवारची उपासना) संपताना सूचना असतात, त्यात "मतदारयादीत नाव तपासा, नसेल तर अर्ज भरा" असं सांगतात. भाविकांच्या प्रार्थनांमध्ये एक प्रार्थना मतदारांसाठी आणि निवडून येणाऱ्यांसाठी असते. बिशपांचं पत्र आलं असेल तर ते वाचून दाखवतात. त्यात संविधान, गरिबांचे प्रश्न, सलोखा असं सगळं असतं. उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह मी आजवर वेदीवरून ऐकलेलं नाही. आडून सुचवलं जात नाही असं मात्र म्हणणार नाही. फादरही माणूसच आहेत, प्रवचनात एखादं वाक्य जरा तिरकं जातं आणि मागच्या बाकांवरचे काका एकमेकांकडं बघतात.

आता शिकवण. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आहे, त्याचा २२४० वा परिच्छेद सांगतो की कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं ही नैतिक जबाबदारी आहे. म्हणजे मतदानाच्या सुट्टीत लोणावळा गाठणं आमच्या हिशेबात नुसता आळस नाही, कर्तव्यात कसूर आहे. पण मत कुणाला, हे तिथं लिहिलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६५ मध्ये 'गाउदियुम एत स्पेस' हा दस्तऐवज काढला, त्यात सदसद्विवेकबुद्धी म्हणजे माणसाचा अगदी आतला गाभारा, जिथं तो देवासमोर एकटा असतो, असं म्हटलंय. त्याच दस्तऐवजात पुढं आहे की चर्च कुठल्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिलं की आमचं काम लोकांचा विवेक घडवण्याचं आहे, त्याची जागा बळकावण्याचं नाही.

इथवर वाचून वाटेल की मग काय, मोकळं रान! तसं नाही. त्याच धर्मशिक्षणग्रंथात म्हटलंय की विवेक चुकू शकतो, आणि खरं काय ते शोधायची तसदीच घेतली नाही म्हणून चुकला तर दोष त्या माणसाचा. "मला मनापासून वाटलं" ही सबब चालत नाही. मग तसदी म्हणजे काय? माझ्यापुरतं सांगते. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचते : गुन्हे, मालमत्ता, गेल्या वेळेपेक्षा किती वाढली. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत काम करणाऱ्या एक सिस्टर (ख्रिस्ती संन्यासिनी) ओळखीच्या आहेत, त्यांना फोन करते. "कुणाला देऊ?" असं त्यांना विचारत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा दुसऱ्या दिवशी चिखलात कोण उतरलं होतं आणि कोण फक्त फ्लेक्सवर उतरलं, ते विचारते. तो भाग माझ्या प्रभागात नाही, पण पक्षांची माणसं कळतात.

एवढं सगळं करूनही घरात अडतंच. आई म्हणते, "जो आपल्या वाटेला जाणार नाही, चर्चवर दगड येऊ देणार नाही, त्याला मत. बाकी रस्ते-बिस्ते नंतर." नवरा म्हणतो, "असं फक्त आपल्यापुरतं बघायचं असेल तर एकगठ्ठा म्हणणाऱ्यांचं काय चुकलं? चर्च तर सर्वांचं भलं बघा म्हणतं, त्यातही सगळ्यात दुबळ्याचं आधी." दोघांचंही पटतं आणि बटणासमोर उभं राहिल्यावर दोघांनाही एकदम खूश करता येत नाही. आपल्या समाजाच्या सुरक्षिततेसाठी दिलेलं मत हे विवेकाचं की स्वार्थाचं? याबद्दल बोलायचंय. इतर धर्मीयांनीही लिहा, हा काही आमच्या एकट्यांचा प्रश्न नाही.

शंकासूर

धागा आवडला, पण नावाला जागायला हवं. २०१७ मध्ये गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरच्या आर्चबिशपांनी पत्र काढलं होतं : राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचवण्यासाठी प्रार्थना करा. त्यांना निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीसही गेली. २०१८ मध्ये दिल्लीच्या आर्चबिशपांनी अशांत राजकीय वातावरणाचा उल्लेख करून पुढच्या वर्षीच्या निवडणुकीसाठी प्रार्थना आणि उपास करायला सांगितलं. नाव नाही, चिन्ह नाही, पण रोख कुणावर ते शेंबड्या पोरालाही कळेल. हे विवेक घडवणं झालं की जागा बळकावणं? आमच्याकडचे महाराज लोक असंच आडून सांगतात तेव्हा आपण सगळे नाक मुरडतो. मग इथंही मुरडायला नको?

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण यात लोक कायम गल्लत करतात.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३. पोटकलम (३) सगळ्यांना माहीत असतं : धर्म, जात, भाषेच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की यात फक्त उमेदवाराचा नाही तर मतदाराचाही धर्म येतो. खटला आपल्याच राज्यातला, मुंबईतल्या सांताक्रूझची १९९० ची विधानसभा निवडणूक. निकाल यायला किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा.

पण या धाग्याला लागू पडणारी तरतूद आहे पोटकलम (२) मधली, आणि ती फारशी कुणी वाचत नाही. अमक्याला मत दिलंस किंवा दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, धर्माकडून दंड होईल, अशी भीती घालणं हा गैरवाजवी दबाव. उमेदवाराच्या वतीने किंवा संमतीने कुणी हे केलं तर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. फादर, महाराज, मौलवी, सगळ्यांना एकच माप. नुसती प्रार्थना करायला सांगणं यात बसत नाही. देवळं, मशिदी, चर्च ही प्रचाराची जागा नव्हे, हे आचारसंहितेत वेगळं आहे.

जाता जाता : हा कायदा लोकसभा-विधानसभेचा. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोग आणि महापालिकांचा स्वतंत्र कायदा. धागालेखिकेने सुरुवात महापालिकेपासून केली म्हणून सांगितलं, नाहीतर कुणीतरी मलाच कलम दाखवेल.

नानापेठकरीण

@शंकासूर, मुरडा की! गांधीनगरचं पत्र मलाही आवडलं नव्हतं. त्यामागची भीती खोटी नव्हती, पण प्रार्थनेचा मजकूर प्रचाराच्या इतका जवळ गेला की प्रार्थना बाजूला पडली. दिल्लीच्या पत्राबद्दल माझं मत इतकं कडक नाही. देशासाठी उपास करा म्हणणं मला खटकत नाही, निवडणुकीचं वर्ष असलं तरी.

फरक एवढाच की त्या पत्रानंतर कुणी काय केलं हे विचारायला कुणी येत नाही. पापनिवेदनाला गेल्यावर मी कुणाला मत दिलं हे फादरांनी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. धर्मगुरूंना पक्षाच्या राजकारणात सक्रिय व्हायला आमचा धर्मकायदाच मनाई करतो, सत्तेचं पदही घेता येत नाही.

सुकेळी

वसईवरून हजेरी. सासर पुण्यात, वडगाव शेरीला, म्हणून हा धागा उघडला.

आमच्याकडं फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला त्यांचं नाव कळलं, पण वसईत त्याआधी कितीतरी वर्षं हरित वसईच्या चळवळीत ते रस्त्यावर होते. झाडं, विहिरी, जमिनी आणि जमिनीपाठोपाठ आलेली गुंडगिरी. मोर्च्याला हिंदू, ख्रिस्ती सगळे. त्यांनी कुणाला मत द्या असं सांगितल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

पण मी इथं नानापेठकरीणताईंना थोडं अडवणार आहे. "मुद्दा सांगावा, नाव सांगू नये" हे ऐकायला छान वाटतं. वसईत त्या काळात मुद्दाच इतका ठसठशीत होता की नाव घ्यायची गरजच पडत नव्हती. पाणी कोण उपसतंय आणि जमीन कोण बळकावतंय हे उघड असताना फादर पाण्याबद्दल बोलले की उमेदवाराबद्दल बोलून झालेलंच असायचं. मग त्यांनी पाण्याबद्दल बोलूच नये का? मला वाटतं बोलावं. किंमत मोजायची तयारी ठेवून बोलावं, आणि त्यांनी ती मोजली.

परदेशी_पुणेकर

मी मूळचा खडकीचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत, मतदारही इथलाच. तुमच्याकडची प्रार्थना-सूचना वाचून हेवा वाटला. इथं निवडणुकीच्या रविवारी मिस्साहून बाहेर आलं की गाडीच्या काचेवर पत्रक खोचलेलं असतं : या पाच गोष्टींना पाठिंबा देणाऱ्याला मत देणं पाप. गर्भपात सगळ्यात वर. स्थलांतरित, गरीब, मृत्युदंड हे त्या यादीत नसतंच. दुसऱ्या बाजूची पत्रकं बरोबर उलटी.

गंमत म्हणजे इथल्या बिशपांचं अधिकृत मार्गदर्शन असं नाही. २००७ पासून त्यांचा एक दस्तऐवज आहे, दर मोठ्या निवडणुकीआधी नव्या प्रस्तावनेसह निघतो. त्यात दोन्ही टोकं चूक म्हटली आहेत : सगळे मुद्दे एकाच वजनाचे मानणं चूक, आणि एकाच मुद्द्याच्या आडोशाने बाकीच्यांकडं डोळेझाक करणंही चूक. २०२४ च्या सप्टेंबरात सिंगापूरहून परतताना विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिस यांना सरळ विचारलं, अमेरिकेतल्या कॅथलिकांनी अध्यक्षपदासाठी मत कसं ठरवावं. ते म्हणाले, एक स्थलांतरितांना हाकलतो, दुसरी गर्भपाताच्या बाजूने आहे, दोन्ही जीवनाच्या विरोधातलंच. कमी वाईट काय ते निवडा, कोण ते मला ठाऊक नाही, प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावं. आमच्या पॅरिशमध्ये (इथल्या चर्चच्या मंडळीत) त्या आठवड्यात दोन्ही गट पोपवर रुसले होते.

माजी_सेमिनरीवाला

पुण्यातल्या रामवाडीच्या सेमिनरीत (फादर होण्याचं शिक्षण देणारी संस्था) काही वर्षं काढली, मग बाहेर पडलो, आता आयटीत. त्यामुळं या विषयावर फुकट प्रवचन द्यायचा मला अर्धा अधिकार आहे.

परदेशीराव ज्या वादाबद्दल सांगतायत त्याची किल्ली २००४ च्या एका टिपणात आहे. तेव्हाचे कार्डिनल रॅत्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी ते अमेरिकी बिशपांना पाठवलं. शेवटच्या काही ओळी मतदारांबद्दल आहेत. उमेदवाराच्या चुकीच्या भूमिकेसाठीच, ती हवी म्हणूनच त्याला मत दिलं, तर तुम्ही त्या चुकीत भागीदार. ती भूमिका तुम्हाला मान्य नाही, पण दुसऱ्या कारणांसाठी मत दिलं, तर तुमचा संबंध दूरचा. आणि ती दुसरी कारणं तितकीच वजनदार असतील तर मत देता येतं. सगळी मेख "तितकीच वजनदार" मध्ये. वजन कुणी करायचं? ज्याचं मत त्याने. टिपण लिहिणारा माणूस मऊ मताचा म्हणून ओळखला जात नव्हता, हे लक्षात घ्या.

सेमिनरीत आमच्या एका प्राध्यापकांनी प्रश्न घातला होता, तोच इथं टाकतो. एक उमेदवार प्रामाणिक आहे, वस्तीत काम करतो, पण त्याचा पक्ष तुमच्या समाजाबद्दल विखारी बोलतो आणि तो गप्प बसतो. दुसऱ्याचा पक्ष तुमच्याबद्दल गोड बोलतो, पण तो स्वतः बिल्डरांचा माणूस आहे आणि वस्ती उठवणार हे नक्की. कुणाला? वर्गात हात जवळपास निम्मे-निम्मे वर गेले होते. प्राध्यापकांनी उत्तर दिलंच नाही, निबंध लिहायला लावला.

तिखटमीठ

निबंध!! म्हणूनच बाहेर पडलात वाटतं.

मला या सगळ्यात एकच दिसतं. विवेक, गाभारा, वजनदार कारणं... शेवटी प्रत्येक जण जे करायचं तेच करतो आणि त्याला विवेकाचं लेबल लावतो. माझे सासरे नास्तिक, ते त्याला "वैचारिक भूमिका" म्हणतात. घराण्यात कधीपासून एकाच चिन्हावर शिक्का, त्यालाही भूमिकाच म्हणतात.

माजी_सेमिनरीवाला

@तिखटमीठ, आरोप खरा आहे आणि जुनाही. १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर हाच आरोप उलट्या बाजूने झाला होता, म्हणजे तुम्ही कॅथलिक पोप सांगेल तेच करणार, तुमचा कसला विवेक आणि कसली देशनिष्ठा. न्यूमन या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने १८७५ मध्ये उत्तराच्या पत्रात लिहिलं की जेवणानंतर धर्माच्या नावाने प्याला उंचवायचीच वेळ आली तर मी पोपच्या नावाने पिईन जरूर, पण आधी विवेकाच्या नावाने, मग पोपच्या. हे लिहिणारा माणूस पुढं कार्डिनल झाला, २०१९ मध्ये संत. म्हणजे चर्चने हे पचवलंय. पण त्याच पत्रात तो असंही म्हणतो की आजकाल लोक विवेक म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं मनमानी. तुमचे सासरे एकोणिसाव्या शतकातही होते.

ओळखायचं कसं? माझी एकच फूटपट्टी आहे. विवेकाने मला कधी मला नको असलेलं करायला लावलं का? लावलंच नसेल तर तो विवेक नाही, माझाच आवाज आहे.

शंकासूर

तुकोबांनी बहुमत बाजूला ठेवून मनाला साक्षीला घेतलं, त्यातलाच प्रकार दिसतोय.

नानापेठकरीण

जवळपासचाच. आणि आमचे माजी बिशप थॉमस डाबरे यांची डॉक्टरेट तुकारामांवरच आहे, त्यामुळं ही ओळख पुण्याच्या धर्मप्रांताला नवी नाही.

@परदेशी_पुणेकर, तुमची पत्रकं इथं लावली तर फजिती होईल. इथं गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये काही गटांसाठी मुदत २४ आठवडे झाली, चर्चने विरोध नोंदवला. पण मत मागायला दारात येणारा कुठला उमेदवार त्यावर बोलतो? तो मुद्दा माझ्यासाठी संपला असं नाही, पण त्यावर दोन उमेदवारांत फरकच नसेल तर त्यावरून निवड कशी करणार? त्यामुळं आम्हाला तयार यादी नाही. आमची यादी इथल्या मातीतूनच काढावी लागते.

हरेगाव_पायी

ती यादी मी सांगतो.

मी श्रीरामपूरकडचा, आता पिंपरीत. मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला दर सप्टेंबरात जातो, म्हणून हा आयडी. आजा जन्माने महार, जर्मन फादरांच्या मिशनमध्ये कॅथलिक झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदू. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये आत घ्या म्हटलं, पुढं काही झालं नाही. २०२२ ला आणखी एक आयोग नेमला. वस्ती तीच, आडनाव तेच, चुलतभाऊ बौद्ध म्हणून सवलतीत आणि मी नाही. अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवर मला मत देता येतं, उभं राहता येत नाही.

आमच्यातल्या कित्येकांच्या कागदावर एक धर्म आहे आणि रविवारी दुसरा. त्याला तुम्ही विवेकाची टोचणी म्हणा. पोराच्या फीचा आकडा बघितला की टोचणी कुठं जाते कळत नाही.

आता "सर्वांचं भलं की आपल्या समाजाचं भलं?" या प्रश्नावर. ताई, राग मानू नका, हा प्रश्न ज्याचं बऱ्यापैकी भागलंय त्याला पडतो. चर्च म्हणतं दुबळ्याचं भलं आधी. बरं, आमच्या वस्तीत दुबळा म्हणजे मीच. मी माझ्या हक्कासाठी मत दिलं तर तो स्वार्थ, आणि पुण्याच्या कॅम्पातल्या कुणी माझ्या हक्कासाठी मत दिलं तर ते पुण्य? असा हिशेब मला मान्य नाही.

आणि चर्चच्या आतलंही बोलू. भारतातल्या बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती लोकांबाबत धोरण काढलं, चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात कबूल केलं. कबूल केलं हे चांगलंच. पण मग निवडणुकीआधीच्या पत्रात १९५० च्या आदेशाबद्दल एक ठणठणीत ओळ का नसते दर वेळी? सलोखा, शांतता, संविधान... अरे, संविधानातलं नेमकं कुठलं पान ते तरी सांगा!

सुकेळी

@हरेगाव_पायी, प्रतिसाद परत परत वाचला. आमच्या वसईत हा मुद्दा इतका येतच नाही, हे लिहितानाच कळतंय की का येत नाही.

जुनी_पानं

अवांतर वाटेल, पण नाही. चर्चने विवेकावर सोडलं हे सगळं १९६५ नंतरचं. त्याआधीचा इतिहास बघा. इटली एक झाली, पोपचं राज्य गेलं, तेव्हा पोप नववे पायस यांच्या काळापासून इटलीतल्या कॅथलिकांना संसदेच्या निवडणुकीत मत द्यायलाही आणि उभं राहायलाही मनाई होती. ती पुरती उठायला १९१९ उजाडलं. म्हणजे आज जे नैतिक कर्तव्य आहे ते तेव्हा निषिद्ध होतं!

मग दुसरं टोक. १९४८ च्या इटलीच्या निवडणुकीत घोषणा होती : मतदानाच्या खोलीत देव तुम्हाला बघतो, स्टालिन बघत नाही. पुढच्याच वर्षी रोमने कम्युनिस्ट पक्षाला साथ देणाऱ्यांना संस्कार नाकारायचा हुकूम काढला. आपल्याकडं १९५९ मध्ये केरळात पहिल्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात चर्च सर्वांत पुढच्या रांगेत होतं, नायर संघटनेच्या खांद्याला खांदा लावून. सरकार बरखास्त झालं. शाळांचा कायदा हे मोठं कारण, म्हणजे संस्थेचं हित. तेव्हा सर्वांचं भलं आणि संस्थेचं भलं यांत गल्लत झाली नव्हती का? माझ्या मते झाली होती.

कलमबहाद्दर

त्या घोषणेवर आमच्या कलम १२३(२) खाली मस्त खटला चालला असता.

शिवाजीनगर_लोकल

तुम्ही सगळे गोल गोल बोलताय. मी कॅथलिक नाही, पण मला आठवतं ते फादर स्टॅन स्वामी. गुन्हा आपल्या पुण्यात नोंदलेला, विश्रामबाग ठाण्यात, शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेवरून. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना रांचीहून अटक झाली, ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले, ८४ वर्षांचे होते, खटला उभाही राहिला नव्हता. त्यानंतर या लोकांनी "आपल्या वाटेला कोण जाणार नाही" असा विचार केला तर त्यात स्वार्थ कसला?

परदेशी_पुणेकर

पण ते स्वतः कुणासाठी उभे होते? झारखंडच्या आदिवासींसाठी, त्यांच्या जमिनीसाठी. त्यातले बरेचसे ख्रिस्ती नव्हते. त्यांचं नाव घेऊन "आधी आपली सुरक्षितता" म्हणणं मला तरी जड जातं.

ॲडमिन

प्रलंबित खटल्यांबद्दल निष्कर्ष काढू नयेत. पक्षनाव असलेले काही प्रतिसाद उडवले आहेत.

नानापेठकरीण

दोन दिवस लिहिलं नाही, कारण हरेगावच्या दादांच्या प्रतिसादावर पटकन काही लिहावंसं वाटेना. नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, त्यांचं बरोबर आहे, पण मग आईचंही बरोबर ठरतं का? मला वाटतं दोन्ही एक नाहीत. दादा जे मागतायत ते मिळालं तर कुणाचं काही जात नाही, एक चुकीचं दार उघडतं, आणि ते मुसलमान दलितांनाही उघडतं. आई जे मागते ती हमी आहे फक्त आपल्यापुरती. शेजारच्या मशिदीवर दगड आला तरी आपलं चर्च शाबूत असलं की झालं, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. तिला हे म्हटलं तर ती म्हणाली, "मग दोन्ही वाचवणारा दाखव." या वेळच्या यादीत मला तसा ठळक कुणी दिसला नाही. जो त्यातल्या त्यात जवळचा वाटला त्याला दिलं, तो पडला.

तिखटमीठ

आता मूळ पुणेरी प्रश्नाला हात घालू का? पाकिटं. आमच्याकडं काम करणाऱ्या मावशी कॅथलिक आहेत, येरवड्याच्या. या वेळी पाकीट आलं, घेतलं. मग त्यांना प्रश्न पडला की मत दुसऱ्याला दिलं तर खाल्ल्या मिठाला जागलं नाही असं होईल. त्या अगदी खरंच घोळात होत्या. पैसे घेतल्याचं त्यांना तितकंसं वाटत नव्हतं, शब्द मोडण्याचं वाटत होतं.

माजी_सेमिनरीवाला

याला म्हणतात चुकलेला पण प्रामाणिक विवेक! हजार परिच्छेदांपेक्षा मावशींचं उदाहरण भारी आहे. उत्तर मात्र स्पष्ट आहे : चुकीच्या गोष्टीसाठी दिलेला शब्द बांधत नाही. मत विकण्याचा करारच मुळात पोकळ, तो मोडला तर पाप नाही, पाळला तर आहे. पैसे परत करता आले तर करावेत, नाहीतर दानपेटी.

कलमबहाद्दर

आणि घेणाराही गुन्हेगार, फक्त देणारा नाही. भारतीय न्याय संहिता, कलम १७०. मावशींना सांगू नका, उगाच झोप उडेल.

तिखटमीठ

सांगितलं सेमिनरीवाल्यांचं उत्तर. त्या म्हणाल्या, "ताई, आमचा प्रभाग चौघांचा. चार मतं होती. पाकीट एकाचं आलं होतं, त्याला एक दिलं. उरलेली तीन माझ्या मनाची." दानपेटीबद्दल विचारलं तर हसल्या, गॅस सिलिंडर आणला म्हणे.

हरेगाव_पायी

त्या तीन मतांबद्दल कुणीतरी विचारा त्यांना. मला ऐकायचंय, मनाची म्हणजे कुणाला आणि का.